खोटा ठरवलेला रुपया

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या क्वार्टरसमोर आणखी क्वार्टर बांधणं चालू होतं. तिथे विटा वाहणाऱ्या एका रेजाबाईनं गळ्यातला कडी लावलेला राणीछाप रुपया सोडवून माझ्या हातात दिला. तिच्या आईचा होता. चांदीचा आहे का, एवढंच तिला हवं होतं. तिला वाटलं, शिकलेली बाई सांगेल. मलाही तसंच वाटलं. मी तो उंबऱ्याच्या फरशीवर टाकला. बद्द वाजला.

"खोटा है," मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिची लेक तो घेऊन वाळूच्या ढिगात खेळत होती.

आठवड्यानं मी माझा स्वतःचा, माहेरचा रुपया घेऊन पावर हाउस बाजारातल्या सोनाराकडे गेले. त्याची कडी झिजली होती. सोनारानं टाकला, तर तोही बद्दच वाजला. कडी जोडलेला रुपया असाच वाजतो, तो म्हणाला. वजन करावं, कड पाहावी.

मी तशीच रेजाकडे गेले. लेकीनं रुपया केव्हाच हरवला होता, आणि ती वाळू स्लॅबमध्ये गेली होती. माझा चेहरा पाहून रेजाच माझी समजूत घालू लागली.

"जावन दे बाई, खोटा तो रिहिस."

तो खोटाच होता, यावर मी "हाव" म्हणून मान डोलावली.