दोन्ही कानांत एकच आवाज

"भाऊजी, हे गेले. घरीच गेले," एवढंच मंजिरीवहिनी फोनवर म्हणाल्या. त्यातला 'घरीच' त्यांना किती जड गेला असेल, हे मला माहीत होतं... त्याला आता दीड महिना झाला.

दिलीप आणि मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एकाच लॅबमध्ये नोकरीला होतो. नमुना तपासण्याआधी नुसत्या पाण्यावर तीच चाचणी करायची, हा तिथला नियम. पाण्यातही काही सापडलं, तर दोष उपकरणाचा. दिलीप त्यात कुणाला सूट द्यायचा नाही. "पाणी काय म्हणतं ते आधी सांग," म्हणायचा. पुढे त्याला स्नायू निकामी करणारा आजार झाला. हात गेले, वाचा गेली, शेवटी पापणीही हलेना. मधे एकदा हॉस्पिटलात नळ्या घालून ठेवला, परत आणला. पुन्हा श्वास अडला तर न्यायचं की नाही, हे त्यालाच विचारायला हवं होतं. पण विचारणार कसं?

तेव्हा कोलशेतची एक संशोधक मुलगी तिचं उपकरण घेऊन येऊ लागली. डोक्याला तारांची टोपी, कानांना हेडफोन. उजव्या कानात 'हो, हो' वाजतं, डाव्यात 'नाही, नाही'. माणसाने हव्या त्या शब्दाकडे फक्त लक्ष द्यायचं. मेंदूतल्या लहरींवरून संगणक तो कान ओळखतो. दहात सात-आठ वेळा बरोबर येतं, असं तिने आधीच बजावलं होतं. 'हो' वहिनींच्या आवाजात भरलं, 'नाही' माझ्या. घरचे आवाज बरे, असं आम्हाला वाटलं. "तुझं नाव दिलीप?" हो. "ही मंजिरी?" हो. वहिनी रडल्या. मग त्यांनी विचारलं, पुन्हा श्वास अडला तर हॉस्पिटलात न्यायचं? हो. पुन्हा विचारलं. हो.

पण आमच्या प्रत्येक चाचणी-प्रश्नाचं खरं उत्तर 'हो'च होतं. पाणी कुणी तपासलंच नव्हतं. मी म्हटलं, "दिल्या, डोंबिवलीपेक्षा कल्याण बरं, काय?"

हो.

"हे दिल्या मेला तरी म्हणणार नाही," मी बोलून गेलो. वहिनी हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. तो उत्तर देत नव्हता. बायकोचा आवाज ऐकत होता.

पुढच्या खेपेला त्या मुलीने दोन्ही शब्द स्वतःच्याच आवाजात भरले. कल्याणला 'नाही' आलं. हॉस्पिटललाही 'नाही'. "घरीच ठेवू?" असं उलटं विचारलं, तर 'हो'. बरेच दिवस उलटसुलट विचारत राहिलो. अधूनमधून चुकायचं, पण कौल तोच. "घेऊन जा गं तुझं ते मशीन," वहिनी एकदा त्या मुलीवर ओरडल्याही. पण श्वास अडला तेव्हा त्यांनी गाडी बोलावली नाही. हात धरून बसून राहिल्या.

परवा गेलो होतो. भाड्याचा पलंग परत गेलाय. वहिनींचं स्टूल मात्र त्याच्या उशाशी असायचं तिथेच आहे, मोकळ्या फरशीवर. चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, माझं 'हो' म्हणजे सगळं फुकटच ना?"

खोटा धीर मला देता येत नाही. जे होतं ते सांगितलं : "इतर वेळी मशीन दहात दोन-तीनदा चुकायचं, वहिनी. तुमचा आवाज होता तेव्हा ते एकदाही दुसऱ्या कानाकडे गेलं नाही."

त्या उठून स्टूल भिंतीला लावायला गेल्या, आणि त्यावरच बसल्या.