मास्तरांचा गुडघा

अकरा वर्षं ज्याची फक्त पाठ पाहिली, त्या माणसासाठी कुणी झुरतं का? नाही म्हणायची घाई करू नका. आधी चीनमधल्या हानदान शहराच्या बागेत, सरूच्या झाडांखाली रोज सकाळी सहाला उभी राहणारी पेइ सूचिन बघा.

सूचिन चोवीस वर्षं सूतगिरणीत होती. गिरणीने तिच्या छातीत कापसाचं तूस भरलं आणि तिला घरी धाडलं. वर साहेब म्हणतो कसा, "खोकला काय, सगळ्यांनाच असतो." मग साहेबाला का नव्हता? चौथ्या मजल्यावरच्या घरी जाताना ती दर मजल्याला भिंत धरून बसायची. दवाखान्यातल्या बाईने सांगितलं, "बागेत गंग मास्तरांकडे जा, श्वास शीक." ती गेली, आणि लाजून सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवणारा पाठमोराच उभा राहतो, नाहीतर शिकणाऱ्याचं डावं-उजवं उलटं होतं. त्यामुळे सूचिन जे काही शिकली ते त्या निळ्या सदऱ्यातल्या पाठीकडून. पहिलं वर्ष तर नुसतं उभं राहण्यात गेलं. गुडघे किंचित वाकवायचे, रांजण कवेत घेतल्यासारखे हात धरायचे. "खांदे सोड. श्वास बेंबीखाली उतरू दे," एवढंच मास्तर बोलायचे. दुसऱ्या हिवाळ्यात ती चारही मजले न थांबता चढली आणि दारात उभी राहून ढसाढसा रडली. छाती पुरती बरी झाली नव्हती. आत बसलेला कापूस असा थोडाच निघतो! पण श्वास लांबला होता, झोप लागत होती, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळ कधी होते याची ती वाट बघत होती.

मग अकरा वर्षांनी मास्तर लेकीकडे निघाले, पार कुनमिंगला. मुठीवर पंजा ठेवून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. सूचिनपाशी आल्यावर म्हणाले, "श्वास अडवू नकोस." पत्ता विचारायला तिची जीभ उचलली नाही. विधवेने पत्ता मागितला असता, तर बागेतल्या बाकावर बसून गावगप्पा हाकणाऱ्या च्यूदादाने ते महिनाभर चघळलं असतं.

मास्तरांच्या जागी सूचिन उभी राहू लागली, तिच्यामागे चौदा जणी. दोन वर्षं गेली. मग शहराचा ज्येष्ठांचा मेळावा आला आणि तयारी करून घ्यायला लुआन बाई आल्या, वय सत्तावीस. त्यांनी सूचिनला एकटीलाच करून दाखवायला लावलं.

"मावशी, 'साप सरपटतो' हा पवित्रा करताना उजव्या पायावर पार जमिनीपर्यंत बसता आणि डाव्यावर अर्ध्यातच अडता. गुडघा दुखतो का?"

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय! ते तसंच असतं. डाव्या अंगाला काळीज असतं, ते जपायचं असतं."

च्यूदादा बाकावरून खो खो हसला. "काळीज कसलं डोंबलाचं! अगं, गंगचा डावा गुडघा बॉयलरपाशी पडून मोडला होता, पुरता वाकतच नव्हता. अकरा वर्षं तू त्याचं लंगडणं घोटलंस होय गं?"

सगळी बाग हसली. लुआन बाई मात्र हसल्या नाहीत. "सगळा भार उजव्या अंगावर येतो. कंबर दुखत असेल ना? सांभाळा मावशी, कायमची धरेल."

कंबर दुखत होती. सूचिनने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तिची राळ्याची पेज करपली. वाकली असती तर कंबर सुटली असती, हे तिला कळत होतं. पण या गावात तो माणूस आता उरला होता कुठे? फोटो नाही, चिठ्ठी नाही. चेहरासुद्धा धड आठवेना. उरला होता तो एक मोडका गुडघा, आणि तो तिच्या अंगात होता.

दुसऱ्या दिवशी चूक दिसू नये म्हणून लुआन बाईंनी तिला शेवटच्या रांगेत ढकललं. रागाने तिचे कान तापले. 'साप' आला. तिने दात ओठ खाऊन डाव्या पायावर भार टाकला आणि ती उतरत गेली, थेट खाली. किती सहज! श्वास बेंबीखाली उतरला.

मग तिने समोर पाहिलं. चौदाच्या चौदा पाठी डाव्या पायावर अर्ध्यातच थांबल्या होत्या.

"अहो, तुम्ही सगळ्याच?" लुआन बाईंनी कपाळावर हात मारला.

"पेइताईंनी असंच तर शिकवलंय!"

एकाच्या जागी चौदा मास्तर उभे होते. घटकाभर सूचिनने ते डोळे भरून पाहिले आणि मग ती गरजली, "वाका गं भवान्यांनो, पुरत्या वाका! तो मास्तरांचा गुडघा आहे, तुमचे धडधाकट आहेत!"

एकेक पाठ खाली गेली. एकेक करून तो माणूस बागेतून गेला.

आता तिची कंबर दुखत नाही. मेळाव्यात रांग शोभली. पण रोज सातला सगळ्या पांगल्या की ती एकटी मागे राहते, निळा सदरा असायचा त्या रिकाम्या जागेच्या मागे, आणि एकदाच, डाव्या पायावर अर्ध्यातच थांबते. कधी त्या बागेत गेलात तर बघा हवं तर, पण कृपा करून तिला दुरुस्त करायला जाऊ नका.