बाकावरचा सांतोय

आर्लीन कुबिचेकनं ग्लेनच्या न्याहारीच्या अंड्यांवर एक बशी उपडी घातली, म्हणजे तो उठेपर्यंत ती निवायला नकोत, आणि ओटा पुसायला घेतला. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. थाप कसली, अख्खं दारच खडखडलं. जाळीच्या त्या दाराची वरची बिजागरी हिवाळ्यातच निखळली होती आणि खालच्या कोपऱ्यात जाळी मांजर जाईल एवढी फाटली होती.

दारात मर्ल स्टोडोला उभा. गावातला न्हावी, आर्लीनचा शाळासोबती. हातात रुबार्बच्या आंबट देठांचा केक. इतक्या वर्षांच्या ओळखीत मर्लनं तिच्याकडचे केक पुष्कळ खाल्ले होते, आणला कधी नव्हता. त्यामुळे केक बघूनच ती समजली की स्वारी सांतोयसाठी आलीय.

आयोवातल्या त्या गावात दर वसंतात बारा जण चर्चच्या तळघरात जमतात आणि बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंची आपसांत वाटणी करून घेतात. एकदा वाटणी झाली की तुमचा खेळाडू तिकडे मैदानात जे काही दिवे लावील, त्याचे गुण इकडे तुमच्या संघाला. रोज सकाळी फोनवर ठरवायचं, आज कुणाला उतरवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं. यंदा पहिली निवड आर्लीनच्या वाट्याला आली आणि तिनं डोळे झाकून एमिलियो सांतोयला उचललं. गेल्या वर्षी त्यानं चेंडू नुसते मैदानाबाहेर पाठवले होते. यंदा मात्र त्याची बॅट रुसून बसली. जून उजाडला तरी रुसवा निघेना.

मोठ्या खेळाडूचा फॉर्म गेला की ही मंडळी मालकाच्या सांत्वनाला येतात. ज्याला तो खेळाडू पडत्या भावात हवा असतो, तो सगळ्यात जास्त हळहळतो.

मर्ल बराच वेळ हळहळला. मग म्हणाला, "सांतोयच्या बदल्यात मी तुला दोन देतो. शेतावरच्या घोड्यांसारखे आहेत बघ. चमक नाही, पण रोज जुंपता येतात."

"एवढे गुणी आहेत तर तुझ्याच तबेल्यात राहू देत की," आर्लीन म्हणाली आणि केकची सुरी शोधू लागली.

मर्लला राग नाही आला, नवल वाटलं. बाकीचे अकरा जण दोन आठवड्यांत कंटाळून खेळाडू सोडून देतात. ही बाई कशी काय थांबते? गावात तिच्या धीराची ख्याती होती. जनावरांच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलावर तिनं उभी हयात काढली होती. रडकुंडीला आलेली माणसं कुत्री, बकऱ्या घेऊन यायची आणि डॉक्टरांच्या आधी हिच्या तोंडाकडे बघायची. हिनं "थांबू या थोडं" म्हटलं की थांबायची. खाणं सोडलेल्या कुत्र्याला कुणी चमच्यानं भरवताना दिसलं, की ती चमचा काढून घ्यायची. वाटी पुढ्यात ठेवा आणि बाजूला व्हा, म्हणायची.

"तुला दिसतं तरी काय त्याच्यात?" मर्लनं विचारलं.

"हात तेच आहेत ना त्याचे."

मर्लची नजर नकळत जिन्याकडे गेली. वर ग्लेन झोपला होता. आर्लीनचा एकुलता एक मुलगा, पंचक्रोशीत नावाजलेला सुतार. दोन वर्षांपूर्वी त्यानं बांधलेला एक लाकडी ओटा लग्नाच्या फोटोच्या वेळी वऱ्हाडासकट खाली बसला. नवरीच्या काकांचा पाय मोडला. लाकूडच आतून किडलेलं होतं, असं तपासणीत निघालं. कुणी ग्लेनला बोल लावला नाही. त्यानं मात्र हातोडी ठेवली ती ठेवलीच. आईकडे राहायला आला, किराणा दुकानात खोकी उचलायला लागला. आर्लीननं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. कचऱ्याचा डबासुद्धा ती स्वतःच ओढत रस्त्यापर्यंत न्यायची. पोराला त्रास नको.

निघताना दार पुन्हा करकरलं. मर्लनं विचारलं, बिजागरी बसवून देऊ का? आर्लीननं आवाज खाली आणला. शुक्रवारी शेजारच्या गावातून एक माणूस यायचाय, म्हणाली. मर्लनं पुन्हा एकदा जिन्याकडे बघितलं आणि तो टोपी चढवून गेला.

दुपारी सामना लागला. आर्लीन रेडिओशी वाटाणे सोलत बसली. त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. ग्लेन खाली येऊन केक खात होता. तिसऱ्या डावात त्याच्या संघातले दोघं धावायला टपलेले असताना सांतोयनं चेंडू असा टोलावला की रेडिओवरच्या माणसाचा आवाज चिरकला. सातव्या डावात पुन्हा तेच. आर्लीन वाटाण्यांच्या भांड्यावर चमचा बडवत हसत होती. मर्ल आता गिऱ्हाइकाचा कान कापणार, म्हणाली, आणि ग्लेनला सांगितलं, माझा फोन घे आणि आपले किती गुण झाले बघ.

ग्लेननं बघितलं. पुन्हा बघितलं.

"आई, सांतोय बाकावर आहे."

मग तिला आठवलं. रोज त्याच्या नावापुढे शून्य बघवेना, म्हणून पंधरवड्यापूर्वी तिनंच त्याला बाजूला बसवलं होतं. बाकावरच्याचे गुण कुणाच्याच खात्यात जात नाहीत. आणि सकाळी मर्लपुढे आपण काय तोरा मिरवला, तेही आठवलं.

"त्याला जरा विश्रांती म्हणून," ती पुटपुटली.

"त्याला की तुला?" ग्लेननं सहजच विचारलं, आणि केकचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

आर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. केकचे कण टिपणारी त्याची बोटं, अंगठ्यावरचा पटाशीचा जुना व्रण. दोन वर्षांत तिनं या हातांकडे नीट बघितलंच नव्हतं. बघायला नको म्हणूनच डबा स्वतः ओढला, बिजागरीसाठी परगावचा माणूस बोलावला, आणि गॅरेजमधली हत्यारांची पेटी जुन्या गोधडीखाली झाकून टाकली. तीसुद्धा तिनंच.

तिनं फोन घेतला. आधी सांतोयला उद्याच्या संघात घातलं. मग शुक्रवारच्या माणसाला फोन करून नम्रपणे सांगितलं, येऊ नका. ग्लेन बशी विसळत होता, त्याला हे ऐकू गेलं. त्यानं नळ बंद केला, पण वळून बघितलं नाही.

बाहेर वारा सुटला होता. दार आपटलं. आर्लीन उठली, गॅरेजमध्ये गेली आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून आणली. जड होती. ती तिनं टेबलावर वाटाण्यांच्या सालांशेजारी ठेवली आणि दोन पावलं मागे झाली.

"ग्लेन," ती म्हणाली, "मागच्या दाराची बिजागरी आज तू बसवून दे."