सरलाबाईंच्या पोरीचं रुखवत

नवागाममधल्या लग्नांची आमंत्रणं मला यायची ती माझ्या अक्षरामुळे. एरवी मला कोणी आवर्जून बोलावलं असतं असं वाटत नाही, कारण वर्गात कडक आणि वर्गाबाहेर फटकळ, अशी माझी ख्याती होती. नवागाम म्हणजे कापड विणायच्या लूमवर कामाला आलेल्या मराठी माणसांची परराज्यातली वस्ती. तिथल्या मराठी शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. घर आमचं भेस्तानला, यजमान विनायकराव बँकेत. पण लगीनसराई आली की नवागामची मुलं दप्तरातून कोरी कार्डं घेऊन यायची आणि मी काळ्या शाईनं लिहून द्यायचे, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले.' ही कार्डं रुखवतावर ठेवायची. नवरीनं आपल्या हातानं केलेलं विणकाम, मण्यांचं काम, सुपारीचे भटजी-भटजीण असं सगळं मांडवात टेबलावर मांडतात आणि वरपक्षाच्या बायका डोळ्यांत तेल घालून ते तपासतात. त्यातलं निम्मं मावशीनं केलेलं असतं, उरलेलं बाजारातलं. हे साऱ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. तरी लिहायचे, आणि खोटं लिहिताना माझं अक्षर जरा जास्तच वळणदार यायचं.

सरलाबाईंच्या हाताखालून गेलेल्या मुलींची कार्डं तेवढी खरी असत.

सरलाबाई अमळनेरकडच्या. नवरा बन्सीलाल लूमवर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. एका खोलीचं घर, पुढे हातभर ओटा. त्या ओट्यावर दुपारी दोन ते पाच दहा-बारा मुली दाटीवाटीनं बसायच्या. रातपाळीच्या आठवड्यात बन्सीलाल आत झोपलेला असे, म्हणून सगळा वर्ग कुजबुजत चाले. माझ्या वर्गात छडी घेऊनही जी शांतता व्हायची नाही ती तिथे नुसत्या बन्सीलालच्या घोरण्यानं व्हायची. मणी शहरातल्या भागळच्या बाजारातून यायचे, जरीचे उरलेले तुकडे शेठला विचारून लूमवरून यायचे. नमुने मात्र जुने. सरलाबाईंच्या आईनं त्यांना दोसुती कापडाच्या एका पट्ट्यावर सगळे टाके काढून दिले होते आणि आईला ते तिच्या आईनं शिकवले होते. पोपट, तुळशीवृंदावन, डाळिंबाची वेल. मुली सिनेमातल्या नट्यांच्या साडीवरची फुलं काढू म्हणायच्या. सरलाबाई म्हणायच्या, "आधी पोपट बसव. पोपट बसला म्हणजे मग तुझी नटी बी बसंल."

एक नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या रुखवतात स्वतः एकही टाका घालायचा नाही. सुरुवातीला एकीला त्यांनी मायेपोटी सगळं करून दिलं होतं. सासरी नणंद म्हणाली, 'वहिनी, हा पोपट मला शिकवा,' आणि त्या मुलीचं तोंड एवढंसं झालं. पुढे वर्षभर घरात तिला 'रेडीमेड वहिनी' म्हणत. ते ऐकल्यापासून सरलाबाई आयांच्या विनवण्यांना बधल्या नाहीत. आया चिडायच्या, 'फार शहाणी समजते' म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला ओट्यावर आणून सोडायच्या.

अशा बाईच्या एकुलत्या एक मुलीचं, योगिताचं, लग्न शहाण्णवच्या मार्गशीर्षात ठरलं. मुलगा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात सुपरवायझर. सगळ्या नवागामला एकच उत्सुकता, की सरलाबाईच्या पोरीचं रुखवत कसं असेल!

आणि योगिताला साधी सुई धरता येत नव्हती.

हे मला कळलं ते योगिताकडूनच. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता बालवाडीत मदतनीस होती. तिच्या आईनं सांगितलं होतं, तीन महिने आहेत, बस आणि शीक, मी एक टाका घालणार नाही. ती बसली. तिचा पोपट कोंबडीसारखा झाला, तो उसवला, पुन्हा केला, तोही कोंबडीच. मग एके दिवशी तिनं मण्यांचा डबा भिंतीवर भिरकावला. "दुसरान्या पोरीस्ले एवढं शिकाडस, आन मना टाइमले माले नेम सांगस?" माझ्या वेळेला मला नेम सांगतेस, असं म्हणाली आणि तिनं आईशी बोलणं टाकलं. घरचं काम सगळं करायची. फक्त बोलायची नाही.

मधल्या सुट्टीत सरलाबाई शाळेच्या फाटकाशी आल्या. हातात रिकामी पिशवी उगीच चुरगाळत होत्या.

"बाई, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकती ती. मी करून दिलं तर उद्या सासरी तिचंच हसं व्हईल. नाही दिलं तर लग्नात हसं. मी काय करू?"

खरं तर मी दोन समजुतीचे शब्द बोलायला हवे होते. पण माझी जीभ माझं कधी ऐकते? मी म्हणाले, "सरलाबाई, तिला तुम्ही शिकवलंत कधी?"

"ओट्यावरच तर व्हती ती. सगळ्यांच्या संगं."

"नव्हती. दुपारी मी कितीदा तिथून गेले आहे. ओट्यावर दुसऱ्यांच्या पोरी असायच्या. योगिता नळावर असायची, नाहीतर वडिलांचा डबा घेऊन निघालेली. चौथीपासून ती रोज शाळेत उशिरा यायची. हाताला पीठ लागलेलं. मी तिला वर्गाबाहेर उभी करायचे."

शेवटचं वाक्य बोलले आणि माझं मलाच कसंतरी झालं. मी तिला बाहेर उभी करायचे. पीठ कशाचं, हे कधी विचारलं नव्हतं. सरलाबाईंना शहाणपण शिकवणारी मी कोण लागून गेले होते?

सरलाबाईंनी पिशवीची घडी केली, ती काखेत धरली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. मुलींना सांगितलं, लग्न होईपर्यंत सुट्टी. मला वाटलं, झालं, मी एका भल्या बाईला दुखावून बसले. दोनदा जाऊन आले. दार लोटलेलं, आत सरलाबाई मांडीवर कापड घेऊन बसलेल्या. "या बाई" म्हणाल्या, चहा दिला, पण सुई खाली ठेवली नाही. काचेच्या नळ्यांचं तोरण होत आलं होतं. वेल, वृंदावन, आणि एवढा टपोरा पोपट की दाणे टाकावेत. नेम मोडला होता. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. योगिता मोरीशी भांडी घासत होती. तिनंही तसंच केलं.

लग्नाच्या चार दिवस आधी त्या कोरी कार्डं घेऊन आल्या. मी शाई काढली. "योगिताचं नाव घालू ना?"

"काहीच घालू नका. लग्नात या, तिथं सांगीन."

मला घोर लागला. योगिताचं नाव घातलं तर साफ खोटं, आणि पोरगी सासरी उघडी पडणार. आईचं घातलं तर नवागाम म्हणणार, जगाला शिकवलं आणि घरची पोर निकामी ठेवली. रात्री विनायकरावांना विचारलं. ते म्हणाले, "कोरंच राहू दे." बँकेतल्या माणसाला कोरा कागद चालतो, याचं मला नवलच वाटलं.

समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, हळदीच्या दिवशीच रुखवत मांडलं. असं रुखवत मी नवागामात पाहिलं नव्हतं. बायका वाकवाकून बघत होत्या. मी टेबलाशी कोरी कार्डं आणि शाई घेऊन परीक्षेला बसल्यासारखी बसले होते. विहीणबाई मंगलाबाई आल्या. भारदस्त बाई, नजर चौकस. तोरण उचलून त्यांनी आधी मागची बाजू पाहिली, म्हणजे जाणकार होत्या.

"हाई बठ्ठं योगितानी करं?" हे सगळं योगितानंच केलं का, असा थेट सवाल.

बायकांनी सरलाबाईंकडे पाहिलं. योगिता आतल्या खोलीच्या दारात, हळद लागलेली, तशीच उभी राहिली.

"नही," सरलाबाई म्हणाल्या. "हात मना शेतस." हात माझे आहेत, असं सरळ सांगून टाकलं.

कोणीतरी मागे फिसकन हसलं. सरलाबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"चौदा वरीस नवागामन्या पोरी मना ओटावर बसन्यात. तव्हय मना घरन्या भाकरी कोन करे? पानी कोन भरे? बापना डबा कोन ली जाये? हाई पोर. तिनी घर सांभाळं, म्हणून मी शिकाडं. तिले सुई धराले मी येळच दिन्हा नही. चूक मनी शे. म्हणून हाई मी तिनाकरता करं. बाई, लिहा. सरलाबाईनी केलं, योगिताच्या जिवावर."

मी लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'स्वहस्ते' हा शब्द न घालता लिहिलं.

मंगलाबाईंनी तोरण खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "भाकर येस ना पोरले? मंग झायं. पोपट काय, पोटले थोडाच लागस!" आणि बायका मोकळेपणानं हसल्या. सरलाबाईही हसायचा प्रयत्न करत होत्या. त्यांनी टेबलाचा काठ धरला.

तेवढ्यात गर्दीतून योगिता आली. पिवळं लुगडं, हात हळदीनं माखलेले. आईशी ती दोन महिने एक अक्षर बोलली नव्हती. तिनं आईचा दंड धरला, चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाली,

"माय, तू सकायथून काही जेवनी का?"

सरलाबाई इतका वेळ रडल्या नव्हत्या. त्या तिथंच, रुखवतासमोर, मुलीच्या हळदीच्या हातात तोंड घालून रडल्या. जेवल्या नव्हत्याच. योगितानं त्यांना हाताला धरून आत नेलं, ताट वाढलं, आणि जेवण होईपर्यंत समोरून उठली नाही.