सगुणाची चार बोटं

पेणला आमच्या रामवाडीत कमळाकर फोटोवाल्यानं काढलेला फोटो भिंतीवर नाही असं घर सापडायचं नाही. त्याचं स्वतःचं सोडून. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला, आणि नंतर घरच्या बायकोचा फोटो काढायला कोण बसलंय? यावरून मी त्याला फार छळलाय.

त्याची बायको सगुणा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. मूर्ती काय, पेणमध्ये कुणीही रंगवील. डोळे लिहिणारा हात वेगळा. अठ्ठ्याण्णव साली कारखानदाराच्या मनात आलं, आपले गणपती इंटरनेटवर टाकायचे. त्याच्या भाच्यानं परदेशातून फ्लॉपीवर फोटो उतरवणारा कॅमेरा आणला. रोल नाही, निगेटिव्ह नाही. काम कमळाकरकडे आलं, कारण कॉम्प्युटर त्याच्याकडेच.

आखणी ओली असली की सगुणा दुसऱ्या कुणाला मूर्तीला हात लावू द्यायची नाही. त्यामुळे प्रत्येक मूर्ती दाराच्या उजेडात तीच धरून उभी. चाळीस गणपती, मागे चाळीस सगुणा. एकीत तर दातांत कुंचला.

मग कमळाकर माऊसनं मूर्तीच्या कडेकडेनं रेघ ओढत बसायचा. मूर्ती सुटी करायची, मागचं सगळं पुसून पांढरं करायचं. फ्लॉपीत जागा कमी, म्हणून त्याच नावानं सेव्ह करायचा. पुसलेला फोटो आला की सगुणासकटचा मूळ फोटो गेला. मी दारातून सांगायचो, "वहिनी, नवरा तुम्हाला पुसतोय हो."

"पुसू द्या भावोजी," ती चुलीपासून म्हणायची. "बाप्पाचा कान तुटला नाय म्हणजे झालं."

दिवाळीनंतर काविळीनं ती आठ दिवसांत गेली.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा. कमळाकरनं फ्लॉप्या काढल्या, मी शेजारी बसलो. एकेक गणपती उघडायचा, मागे पांढरं. पुढचा उघडायचा, मागे पांढरं.

शेवटच्या मूर्तीखाली मात्र पाट धरलेली चार बोटं होती. ती पुसताना पाटाची कड तुटेल म्हणून त्यानं राहू दिलेली. एका नखात आखणीचा काळा रंग.

बराच वेळ बघून त्यानं पुन्हा रेघ ओढायला घेतली, या वेळी बोटांच्या कडेनं. सोंड गेली, मोदक गेला, तिनंच लिहिलेले डोळे गेले. पांढऱ्यावर चार बोटं उरली.

"अरे, गणपती पुसलास?" मी म्हटलं.

"तो दरवर्षी येतो," कमळाकर म्हणाला. सेव्ह करताना त्यानं या वेळी नाव बदललं.

तेराव्याला फ्रेमला हार घातला, तर बोटं झाकली गेली. त्यानं हार काढला आणि खाली पाटावर ठेवला.