जाबेझ कॅटलोची हाक

जाबेझ कॅटलोचा आवाज कसा आहे, हे हार्लशॉ गावात फारसं कुणाला सांगता आलं नसतं. तो मुका नव्हता. चांगला बोलका होता. पण त्याचं बोलणं ओठांवर असायचं, घशात नाही.

गावात बहुतेकांचं थोडंफार तसंच होतं. गिरणीच्या विणाई खात्यात शेकडो माग एकदम धडधडत. कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळायचं नाही. म्हणून विणकर ओरडतच नसत. शब्द ओठांवर मोठा करून दाखवायचा, भुवया उडवायच्या, समोरचा चार माग पलीकडून वाचायचा. ती सवय खात्यातून घरापर्यंत येई. समोरासमोरच्या घरांतल्या बायका बंद खिडक्यांतून गप्पा मारत. शेजारणीची निंदा करायची तर आधी तिच्याकडे पाठ करावी लागे.

जाबेझ आठव्या वर्षी खात्यात गेला होता. आता तो चौतीस वर्षांचा होता. चॅपलात स्तोत्रं म्हणताना त्याचे ओठ सगळ्यांबरोबर हलत. शेजारी बसलेल्याला मात्र काही ऐकू येत नसे.

त्याची धाकटी बहीण हेस्टर त्याच्या समोरच्या मागांवर होती. मधे एक अरुंद वाट. ओठ वाचायला तिला त्यानेच शिकवलं होतं. दोघं दिवसभर त्या वाटेवरून भांडत, हसत, फोरमनच्या नकला करत. सुटीचा भोंगा वाजेपर्यंत दोघांच्या गळ्यातून आवाज असा निघालेलाच नसे.

शनिवारी दुपारी गिरणी सुटली की जाबेझ फुटबॉल खेळायचा. हार्लशॉच्या संघात तो मागे डावीकडे असे. पाय वेगवान नव्हते. पण चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळायचं, आणि तो तिथे जाऊन उभा असायचा. खोट एकच. तिच्यावर सगळा गाव हसायचा.

त्या काळी पंच आपणहून काही देत नसत. खेळाडूने ओरडून दाद मागायची, मग पंच बघणार. एकदा समोरच्या एकाने चेंडू सरळ हाताने ढकलला. जाबेझ दोन हातांवर होता. त्याने हात वर केला आणि भलं मोठं तोंड करून दाद मागितली. आवाज नाही. पंच दुसरीकडे बघत होता. गोल झाला.

संघाचा कप्तान वॉम्स्ली खाटीक होता. मैदानाच्या टोकापासून त्याचा आवाज आला, "अरे जाबेझ, तो पंच कापडाचा दुकानदार आहे. माग कधी पाहिलाय का त्याने जन्मात?"

"मी मागितली की दाद," जाबेझ म्हणाला. तेही ओठांनीच.

"हो, मासाही मागतो. टोपलीत पडल्यावर."

सगळे हसले. जाबेझही हसला. गोलात उभा असलेला सायलस थ्रेलफॉल सगळ्यांत मोठ्याने हसला.

सायलस गावातला नव्हता. तो वर माळावरच्या दगडाच्या खाणीत होता. हेस्टरशी लग्न झाल्यावर खाली राहायला आला, पण काम खाणीतलंच ठेवलं. हात सुपासारखे. गोलात त्याच्या हातात चेंडू आला की लोक सुटकेचा श्वास टाकत. त्याला ओठ वाचता येत नसत. जेवताना भाऊबहिणीचं मुकं बोलणं सुरू झालं की तो चमचा आपटायचा.

"मला शिव्या देताय तर निदान आवाजात द्या."

"तुला कोण शिव्या देतंय," हेस्टर म्हणायची. "तुझ्या बुटांना देतोय."

खाणीत सगळं हाकेवर चालायचं. वरून दगड सुटला की कुणीतरी ओरडायचा, आणि खालचे सगळे न बघता अंग चोरून जमिनीला लागायचे. वर बघत बसणारा जगत नसे. सायलसचं शरीर तसं घडलेलं होतं. डोळे समोरच्या कामावर, कान मागे.

फेब्रुवारीत इंग्लिश कपची पुढची सोडत निघाली. तार आली ती वॉम्स्लीने दुकानाच्या काचेवर लावली. कापलेल्या डुकराच्या मुंडीशेजारी. सामना घरच्या मैदानावर. समोर स्केलबेक.

गर्दी जमली होती. वाचून लोक एकेक करून पांगले.

स्केलबेकच्या पुढच्या फळीत बॅराक्लफ नावाचा एक लोहार होता. त्याला सगळे एडका म्हणत. तो चेंडूकडे कमी आणि गोलरक्षकाकडे जास्त बघायचा. चेंडू हातात असो नसो, गोलरक्षकाला खांद्याने उडवणं नियमात बसत होतं. एडक्याने त्या हंगामात दोघांना अंथरुणाला खिळवलं होतं. त्यातला एक अजून उठला नव्हता.

त्या संध्याकाळी हेस्टरने ओटची भाकरी आणि चीज टेबलावर ठेवलं आणि स्वतः बसली नाही.

"सायलस, या सामन्याला दुसऱ्या कुणाला उभा कर."

"कुणाला? वॉम्स्लीच्या डुकराला?"

"मी हसत नाहीये."

सायलसने भाकरी मोडली. "अगं, समोरून आला तर मला दिसेल. मी काय आंधळा आहे? उंच चेंडू आला की तेवढाच प्रश्न. मी वर बघणार, तो बाजूने येणार. तेव्हा तुझा भाऊ असेल ना." त्याने जाबेझकडे मान वळवली. "मेव्हण्या, तू फक्त हाक दे. खाली म्हण. मी बघणार पण नाही. चेंडू गेला खड्ड्यात, मी जमिनीवर."

जाबेझने मान हलवली.

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. मग ओठांनी म्हणाली, "आवाजात देशील ना?"

"देईन."

"आत्ता कसा बोललास बघ."

सायलस जेवत होता. त्याला यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गिरणी सुटली की जाबेझ माळावर जाऊ लागला. सायलस खाणीतून उतरून येई. वेल्डन नावाचा एक लंगडा माजी खेळाडू उंच चेंडू मारून द्यायचा. पहिल्या दिवशी जाबेझच्या तोंडून जो आवाज निघाला तो बिजागरीसारखा होता. मेंढ्यांनीसुद्धा मान वर केली नाही.

"अरे, मला नाही, त्या डोंगराला सांगतोयस असं ओरड," सायलस म्हणाला.

हळूहळू आवाज निघाला. घोगरा, पण मोठा. "खाली!" म्हटलं की सायलस चेंडू सोडून धाडकन जमिनीला लागे. परत परत केलं. एकदाही चुकलं नाही. शेवटच्या दिवशी वारा होता तरी हाक पोचली. परत येताना सायलसने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "तुझ्या बहिणीला सांग. माझं ऐकत नाही ती."

जाबेझने सांगितलं. आवाजात सांगितलं. हेस्टरच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

शनिवार उजाडला तो खाली आलेल्या ढगांत. गिरणीची चिमणी अर्धीच दिसत होती. खातं दुपारपर्यंत चाललं. जाबेझ मागावरून थेट मैदानावर गेला. केसांत सुताची कुसं, कानांत मागांची धडधड. ती गिरणी सुटल्यावरही बराच वेळ कानांत राहते. विणकरांना त्याचं काही वाटत नाही.

स्केलबेकचे लोक आगगाडी भरून आले होते. दोरीला टेकून माणसं, दोरीच्या मागे माणसं, भिंतीवर माणसं. हेस्टर गोलाच्या बाजूला दोरीशी उभी होती. शाल हनुवटीखाली धरलेली.

एडका उंच नव्हता. रुंद होता. खेळ सुरू होण्याआधी तो सायलसकडे आला आणि हात पुढे केला.

"खाणीतला ना तू?"

"हो."

"मग दगड अंगावर घ्यायची सवय असेल," एडका म्हणाला. तो हसला नाही. सायलस हसला.

पहिल्या अर्ध्यात उंच चेंडू आला. एडका निघाला. जाबेझ ओरडला, "खाली!" सायलस जमिनीला लागला. एडका त्याच्यावरून खांबाच्या पलीकडे चिखलात जाऊन पडला. सगळा गाव हसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. दुसऱ्या वेळी एडका उठला आणि सायलसकडे नाही, जाबेझकडे बघत राहिला. मग तोंड पुसून गेला.

मध्यंतरानंतर वॉम्स्लीने गोल केला. हार्लशॉ एकाने पुढे. वेळ सरत आला. कपमध्ये या फेरीच्या पुढे हार्लशॉ कधी गेलं नव्हतं. लोक ओरडायला लागले. आधी तुटक, मग एकसारखे. लाकडी तळाचे बूट भिंतीवर आपटायला लागले. कुंपणाच्या फळ्या थरथरायला लागल्या. शेवटी त्या आवाजात शब्दच उरले नाहीत. नुसती एक सलग धडधड.

जाबेझला तो आवाज ओळखीचा होता.

चेंडू उजवीकडून उंच आला. सायलस दोन पावलं पुढे झाला, हात वर, नजर वर. एडका डावीकडून निघाला. जाबेझने त्याला निघण्याआधीच पाहिलं होतं. त्याच्याकडे भरपूर वेळ होता. त्याने सायलसकडे तोंड केलं. भुवया वर गेल्या. ओठ मोठे उघडले, पूर्ण मिटले, पुन्हा उघडले. एकेक अक्षर स्पष्ट. खाली. सायलस, खाली.

तसा बोललेला शब्द खात्याच्या दुसऱ्या टोकाला वाचता आला असता.

दोरीपाशी हेस्टरने तो वाचला.

एडक्याचा खांदा सायलसच्या बरगड्यांखाली बसला. सायलस खांबावर गेला. खांबाचा आवाज जाबेझला ऐकू आला, इतक्या गोंगाटातही. चेंडू सायलसच्या हातून सुटून रेषेपलीकडे गेला. पंचाने गोल दिला. दाद मागण्यासारखं काही नव्हतं. सगळं नियमात होतं.

सायलस उठला. कमरेत वाकून उभा राहिला, मग सरळ झाला. वॉम्स्लीला म्हणाला, "काही नाही रे. श्वास अडकला जरा." राहिलेला वेळ तो खेळला. बरोबरी झाली. सामना पुन्हा होणार, स्केलबेकला. घरी तो चालतच आला. चहा घेतला. तो पोटात राहिला नाही.

रविवारी त्याचं पोट फळीसारखं झालं होतं. डॉक्टर येऊन गेला. जाताना जिन्यावर टोपी हातातच धरून उभा राहिला, आणि काय करायचं ते सांगण्याऐवजी काय करू नका ते सांगून गेला.

चॅपल सुटल्यावर जाबेझ आला. पलंगाच्या एका बाजूला तो बसला. दुसऱ्या बाजूला हेस्टर. मधे सायलस, डोळे छताकडे.

"मेव्हण्या."

"हं."

"हाक ऐकूच आली नाही बघ. गर्दी फार होती." त्याने ओठ ओले केले. "तुझा गळा फाटला असेल."

हेस्टरने मान वर केली. सायलसच्या अंगावरून ती भावाकडे बघायला लागली. तिचे ओठ हलले.

"ओरडलास?"

जाबेझने खाली बघितलं. खाली बघितलं की बोलणं थांबतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती थांबून राहिली. त्याला मान वर करावी लागली.

"नाही," त्याचे ओठ म्हणाले.

"मी वाचलं."

"हेस्टर."

"मी तिथून वाचलं, जाबेझ."

"तू का नाही ओरडलीस?"

त्याला ते विचारायचं नव्हतं. ओठांनी बोललेलं परत घेता येत नाही. हेस्टरचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं. दोरीपाशी आपण काय केलं, हे तिला तोवर आठवलंच नव्हतं. आता आठवलं. तिनेही शाल सोडून, भुवया उडवून, मोठं तोंड केलं होतं. आवाज निघाला होता का, हे तिला सांगता येईना.

"इतके गप्प का दोघं?" सायलस म्हणाला. "बोला काहीतरी. बरं वाटतं."

"हे बघ, बोलतोय," जाबेझ म्हणाला. घोगऱ्या, मोठ्या आवाजात.

सायलस हसला. "आता देतोस होय हाक."

मंगळवारी गिरणीचा सकाळचा भोंगा वाजत असताना सायलस गेला. वर खाणीतल्या लोकांनी काम थांबवलं. स्केलबेकच्या सामन्याला हार्लशॉने लंगड्या वेल्डनच्या भाच्याला गोलात उभं केलं आणि ते सात गोलांनी हरले. जाबेझ गेला नाही. नंतरही तो कधी खेळला नाही.

हेस्टर पुढच्या आठवड्यात कामावर आली. तिने फोरमनला सांगून माग बदलून घेतले. वाट तीच, माग पलीकडच्या ओळीतले. आता तिची पाठ जाबेझकडे असते. खात्यात कुणाचं ऐकायचं नसेल तर एवढंच करावं लागतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. जाबेझ त्याच्या जागेवर आहे. धोटा भरतो, सुताचं टोक तोंडाने ओढतो, तुटलेला धागा जोडतो. दिवसातून केव्हातरी तो मान वर करतो आणि त्या पाठीकडे तोंड करून बहिणीचं नाव घेतो. आजूबाजूचे विणकर बघतात. त्यांना वाटतं, तो नेहमीसारखाच बोलतोय.

तो ओरडत असतो. मानेच्या शिरा फुगलेल्या असतात. माग धडधडत राहतात. हेस्टर वळत नाही.