मेण लावलेली बाटली

मी रसायनशास्त्र शिकवतो त्या छावणीजवळच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणारे मामा आहेत. पोरं हल्ली क्लासला जातात, इथं फक्त जर्नलवर सही घ्यायला येतात. तरी मामा रोज फॉस्फरस पेंटाक्लोराइडच्या रेणूचं थर्माकोलचं मॉडेल पुसतात. मधल्या गोळ्याभोवतीचे तीन गोळे घट्ट आहेत. वरचा आणि खालचा लांब काड्यांवर, ते निखळतात. "खऱ्यातबी ताप दिला की हेच दोन आधी जातेत, सर," असं म्हणत मामा ते परत खोचतात.

खऱ्या फॉस्फरस पेंटाक्लोराइडच्या पावडरीची एक बाटली कपाटात आहे. दमट हवा तिला सोसत नाही, म्हणून मामा दर पावसाळ्याआधी झाकणावर मेणाचा नवा थर देतात. वर्गात दाखवायला मी ती कधीच मागितली नाही.

परवा रसायनांच्या साठ्याच्या तपासणीसाठी ती उघडायची होती. मामांनी खिडक्या उघडल्या, मला मागं सारलं. "धूर लई वाईट, सर."

झाकण निघालं. धूर आलाच नाही. पावडरीच्या जागी तळाशी नुसता ओला, चिकट थर होता. ओल शिरून कधीच संपली होती ती.

 मामांनी झाकण घट्ट लावलं आणि मेणाच्या नव्या थरासाठी मेणबत्ती पेटवली.